निळ्या नळीचं पाणी

१

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता तोर्वीने वॉशिंग मशीनचं दार उघडलं आणि आतले ओले टॉवेल एकेक करून बाहेर काढले. टॉवेल साबणाने बुळबुळीत होते. चौथ्या टॉवेलमधून चांदीचा कमरपट्टा घरंगळून फरशीवर पडला.

पट्टा काळा झाला होता. कुठे कुठे डाग पडले होते असं नव्हे. जळून विझलेल्या लाकडासारखा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा होता.

तळघरातल्या त्या धुण्याच्या खोलीत तेव्हा चौघं होती. निळं जाकीट घातलेला तोर्वी, वय अठ्ठेचाळीस, या घराची देखभाल बघणारा. त्याची एक्याऐंशी वर्षांची आत्या दीरफिन्ना, घराची आणि पट्ट्याची मालकीण. केतिल, आमच्या गावचा एकुलता एक पोलीस. आणि बोझेना, जिचे ते टॉवेल होते.

"टॉवेल माझे आहेत," बोझेना म्हणाली. "पट्टा मी ठेवलेला नाही."

"मग काय जिना उतरून आपला आपण आला?" तोर्वीने विचारलं.

दीरफिन्नाने वाकून पट्टा उचलला आणि दोन्ही तळहातांवर आडवा धरला. तिच्या आजीचा पट्टा. सोळा चौकोनी पेट्या, प्रत्येक पेटीवर केसाएवढ्या तारेचं जाळीकाम. आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या गावात असा दुसरा पट्टा नाही.

दुसऱ्या दिवशी सतरा जून होता, देशाचा राष्ट्रदिन. त्या दिवशी गावातली एक बाई काळा पोशाख, पांढरी ओढणी आणि चांदी घालून चौकात उभी राहते आणि कविता वाचते. तिला पर्वतस्त्री म्हणतात. डोंगर, बर्फ, पाणी, सगळा देशच त्या दिवशी तिच्या रूपाने उभा असतो. यंदा सोहळ्याच्या समितीने बोझेनाला निवडलं होतं. ती पोलंडहून आलेली, अकरा वर्षं इथल्या मासळीच्या कारखान्यात काम करणारी, आणि त्यातली सात वर्षं दीरफिन्नाच्या घरी एका खोलीत राहून तिचं सगळं पाहणारी. या मातीत न जन्मलेली बाई गावाने प्रथमच निवडली होती. अर्धं गाव खूश होतं. उरलेलं अर्धं गप्प होतं. दीरफिन्नाने मात्र चारचौघांत सांगून टाकलं होतं की बोझेनाच्या कमरेला त्या दिवशी माझा पट्टा असेल.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला पट्टा पुसायला म्हणून तिने खण उघडला तेव्हा पट्ट्याची पेटी रिकामी होती.

"आत्याच्या दाराची किल्ली दोघांकडेच," तोर्वी म्हणाला. "एक माझ्याकडे, एक हिच्याकडे. केतिल, आता आणखी काय पाहिजे तुला?"

"सोमवारी जो पट्टा तिला मिळणारच होता, तो ती शनिवारी कशाला चोरेल?"

"कारण मंगळवारी परत द्यावा लागला असता." तोर्वी बोझेनाकडे न बघता बोलत होता. "गरम धुण्यात लपवला. आपल्या गरम पाण्यात चांदी काळी पडते हे बाहेरच्या माणसाला कुठलं ठाऊक? समितीला मी संध्याकाळी सहाला सांगणार आहे. खोलीचं आत्याने ठरवावं, पण माझ्या मते तिने ती उद्याच सोडावी."

बोझेनाने टॉवेलांची टोपली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "सहाला ना," ती म्हणाली. "म्हणजे साडेआठ तास आहेत. केतिल, घड्याळ लाव."

केतिलने घड्याळ लावलं नाही. त्याने फोन काढून ह्लीनला लावला.

२

ह्लीन आमच्या गावची प्लंबर. वय छप्पन्न, बोलणं मोजकं, हात भाजल्याच्या जुन्या खुणांनी भरलेले. डोंगराच्या पायथ्याशी जे पंपघर आहे तेही तिच्याच ताब्यात. तिथे साडेआठशे मीटर खोल बोअरमधून उकळायच्या बेतातलं पाणी आपल्या जोराने वर येतं आणि तसंच घराघरांत जातं. त्या पाण्यावरच आमची घरं उबदार राहतात, त्याच पाण्याने आम्ही आंघोळी करतो, भांडी घासतो. त्याला अंड्यासारखा वास असतो. आम्हांला तो येत नाही. दोन आठवडे बाहेरगावी राहून परतलं की येतो. ह्लीन तीस वर्षं त्या पाण्याजवळ आहे, पण पंपघरात शिरताना अजून टोपी काढते. शाळेची मुलं बघायला आली की ती त्यांना एवढंच सांगते, "हे पाणी पाऊस होऊन पडलं तेव्हा या देशात एकही माणूस नव्हता. हात लावायच्या आधी जरा विचार करा."

शनिवारी दुपारी बारा ते चार तिने आख्ख्या गल्लीचं गरम पाणी बंद ठेवून तिथला व्हॉल्व्ह बदलला होता. रविवारी तिला झोपायचं होतं, तरी ती आली.

"मला एकच सांग," केतिल म्हणाला. "या पाण्याने चांदी एवढी काळी होते?"

"होते."

"झालं. जा झोपायला."

ह्लीन गेली नाही. तिने पट्टा खिडकीजवळ नेला, नाकाशी धरला. मग खिशातला चिमटा काढून जाळीकामात अडकलेलं काहीतरी ओढून काढलं. करड्या-तपकिरी रंगाचा लोकरीचा गोळा, तांदळाच्या दाण्याएवढा, घट्ट वळलेला. तो तिने केतिलच्या तळहातावर ठेवला.

मग टॉवेल. पांढरे, सुती. तिने एक पिळला. हातावर साबणाचा फेस आला. तिने तो हुंगला, दुसरा हुंगला, सगळे हुंगले.

"काय करतेस?" केतिल म्हणाला. "कुत्रा आणायला हवा होता का मी?"

"परवडला नसता तुला."

मशीन नवंकोरं होतं. शनिवारीच बसवलेलं, गरम आणि गार दोन्ही पाणी घेणारं. मागून दोन नळ्या निघत होत्या, गरमसाठी लाल, गारसाठी निळी. भिंतीवर पितळेचे दोन जुने नळ होते, त्यांचे रंग कधीच उडालेले. एक खिडकीखाली, दुपारच्या उन्हात. दुसरा दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मशीनच्या दारावर तोर्वीच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'सोमवारपर्यंत कोणी हात लावू नये.'

"बोझेनाने टॉवेल कितीवर लावले होते?" ह्लीनने विचारलं.

"साठवर. ती स्वतःच सांगते."

ह्लीनने टॉवेल टोपलीत ठेवला.

"केतिल, पट्टा गरम पाण्यातून गेलाय. त्याबद्दल शंका नाही," ती म्हणाली. "पण हे टॉवेल आपल्या गरम पाण्यातून गेलेलेच नाहीत."

३

बोझेना स्वयंपाकघरात उभी होती. समोर कवितेचा कागद होता आणि त्याच्यावर कॉफीचा कप ठेवलेला होता.

"बस," ह्लीन म्हणाली.

"बसले की रडेन. उभ्याने विचार."

"कागद लावलेला असताना मशीन का चालवलंस?"

"शनिवारी रात्री आठची धुण्याची पाळी माझी. तक्ता भिंतीवर आहे, सात वर्षं आहे. तोर्वी कागद चिकटवतो. जिन्यावर चिकटवतो, कचऱ्याच्या डब्यावर चिकटवतो. दीरफिन्नाआजी झोपली असती तर तिच्यावरही चिकटवला असता."

"आठला आत काही होतं?"

"रिकामं होतं. पण—" ती थांबली. "कोमट होतं. हात घालून बघितलं मी, नवीन म्हणून. आतून अंड्याचा वास येत होता."

"तुला तो वास येतो?"

"पट्कन येतो. तुम्हांला येत नाही, मला अकरा वर्षांनंतरही येतो."

"पुढे?"

"साठवर लावलं. साडेआठला खाली गेले, काचेला हात लावला, तर गार. मासळीसारखी गार. म्हटलं, वा, काय मशीन घेतलंय. साडेनऊला गेले तर बंदच पडलेलं. मला वाटलं, कागद लावला होता तो खरा होता, मोडलं माझ्या हातून. गप्प वर आले. सकाळी सांगू म्हटलं." तिने कप उचलला. कवितेवर गोल डाग पडला होता. "ह्लीन, या गावात चोर म्हणून राहता येत नाही. इथे तर रांगेत पुढे घुसलेलं माणूसही वीस वर्षं लक्षात ठेवतात."

तळघराच्या बरोबर वर ओद्नी राहते. शिवणकाम करते, आणि दिवसभर रस्त्याकडच्या खिडकीत बसते. पर्वतस्त्रीचा पोशाख तिनेच बोझेनाच्या मापाचा करून दिला होता. यंदा आपल्या मुलीला मान मिळेल असं तिला वाटत होतं, हेही गावाला माहीत होतं.

"मी घेतला असेल असं वाटतंय ना तुला?" तिने दार उघडताच विचारलं. "विचार, विचार. कमरेला दोन इंच जास्त कापड सोडलं, एवढाच माझा गुन्हा."

"शनिवारी खालून काही ऐकलंस?"

"ऐकू येणारच. जमीन थरथरत होती. नवं मशीन ना त्यांचं."

"आठनंतर?"

"आठला ऐकलं. पण मी म्हणतेय ते आधीचं. पाचच्या सुमाराचं. गाण्याच्या तालमीला मी पावणेसातला निघते, त्याच्या बऱ्याच आधी. हळू हळू चालत होतं, घोरल्यासारखं."

"आणि तू खिडकीत होतीस. घरातून कोण बाहेर पडलं?"

"हातात काही घेऊन पावणेसातपर्यंत कोणी नाही," ओद्नी म्हणाली. "माझ्यासमोरून बोचकं घेऊन जायची कोणाची हिंमत आहे?"

ह्लीन जिन्यात थांबली. ज्या मशीनला सोमवारपर्यंत कोणी हात लावायचा नव्हता, ते बोझेनाच्या आधी तीन तास कोणीतरी चालवलं होतं.

४

दीरफिन्नाने कॉफी ओतली आणि पीठ पिळून तळलेल्या गोड क्लैनुरची बशी पुढे सरकवली. काळा पट्टा टेबलावर दोघींच्या मध्ये होता.

"घासून निघेल?" तिने विचारलं.

"सोनाराकडे. पंधरा दिवस लागतील. जाळीत ब्रश जात नाही."

"माझी आजी दर वर्षी दोन दिवस घासायची. आम्ही बघत बसायचो." म्हातारीने पट्ट्यावरून बोट फिरवलं. "आम्ही कपडे ओढ्यावर धुवायचो, माहिती आहे? जिथे गरम झरा मिळतो तिथे. आई काठीने कपडे फिरवायची आणि मला म्हणायची, पडलीस तर तुझं मटण होईल. एकदा हिवाळ्यात वाफेत मला आई दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता, 'दीरफिन्ना, तू आहेस ना?' आता तेच पाणी नळीतून येतं आणि एका पेटीत बसून धुतं. किती हळू फिरतं ते, पाळणा हलवावा तसं. मला तर—" ती थांबली आणि बशी आणखी पुढे सरकवली. "घे ना."

"तू मशीन चालताना बघितलंस?"

"मी कशाला बघू? तोर्वीने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

ह्लीनने एक क्लैनुर उचलला आणि पुढे विचारलं नाही.

तोर्वी अंगणात गाडीला टेकून उभा होता. वाऱ्याने त्याच्या निळ्या जाकिटाची कॉलर फडफडत होती.

"मशीन तूच जोडलंस?"

"मग काय तुला बोलावणार? दोन नळ्या लावायला मास्टर लागतो का?"

"किती वाजता?"

"दोनला. मोजून वीस मिनिटांत."

"गरम कुठलं, गार कुठलं, कसं ओळखलंस? नळांना रंग नाही."

तोर्वी पहिल्यांदा हसला. "तू विचारतेस? हात लावून. इथे जन्मलेलं माणूस पाइपाचा रंग बघतं का कधी? हात लावायचा. ऊन लागला तो गरम."

"आणि ऊन लागला?"

"लागला म्हणून तर लाल नळी लावली."

ह्लीनने मान हलवली. मग म्हणाली, "तुझा स्वेटर कुठे आहे?"

"कुठला?"

"आत्याने विणलेला. तपकिरी मेंढीच्या लोकरीचा. जून असो की जानेवारी, तुझ्या अंगावर मी दुसरं काही पाहिलेलं नाही."

"धुवायला टाकलाय," तोर्वी म्हणाला आणि गाडीच्या काचेतून आत बघितलं. क्षणभरच.

ह्लीन तळघरात गेली. दोन वाजता गल्लीत गरम पाणीच नव्हतं, कारण ते तिने स्वतः बंद केलेलं होतं. मग तोर्वीच्या हाताला ऊन लागलं ते काय? तिने खिडकीखालच्या नळाकडे पाहिलं. दुपारी दोनचं जूनचं ऊन बरोबर त्या पाइपावर पडतं.

तिने मशीन सुरू केलं, बटण 'लोकर, थंड'वर ठेवलं, आणि निळ्या नळीवर हात ठेवला.

तीस वर्षं पाइपांना हात लावणाऱ्या बाईने तो झटकन मागे घेतला.

५

पाच वाजता तिने सगळ्यांना खाली बोलावलं. दीरफिन्नासाठी केतिलने स्टूल आणलं. ओद्नी न बोलावता आली.

ह्लीनच्या हातात चांदीचे दोन चमचे होते, दीरफिन्नाच्याच खणातले.

"तोर्वी, हा चमचा काळा करायचाय. मशीन कितीवर ठेवू?"

"साठवर. पोरालासुद्धा कळेल."

तिने एक चमचा आत टाकला, बटण साठवर फिरवलं. पाणी सळसळत आत आलं. दहा मिनिटं गेली. मग तिने मशीन थांबवलं, पाणी सोडलं, दार उघडलं. चमचा लखलखीत होता. तिने तो केतिलच्या हातात दिला.

"गार आहे," केतिल म्हणाला. "बर्फासारखा."

"आता हा." दुसरा चमचा आत गेला. बटण 'लोकर, थंड'वर आलं.

पाणी आत आलं आणि मशीनची काच धुरकटली. आधी खालून, मग वरपर्यंत. थंडवर ठेवलेल्या मशीनच्या आत वाफ दाटत होती आणि त्या वाफेमागे काहीतरी सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होतं. खोलीत तो वास पसरला. त्या दिवशी तो बोझेनालाच नव्हे, सगळ्यांनाच आला. दीरफिन्ना स्टुलावरून पुढे वाकली होती. तिचे ओठ किंचित उघडे होते.

अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा चमचा काळपट तपकिरी झाला होता. ओद्नीने तो रुमालात धरून उजेडात नेला आणि नखाने खरवडून पाहिला.

"नळ्या उलट्या लागल्यात," ह्लीन म्हणाली. "काल बारा ते चार गरम पाणी बंद होतं. कोपऱ्यातला गरमचा पाइप निवून गेला होता. खिडकीखालचा गारचा पाइप उन्हाने तापला होता. तोर्वीने आपल्या सगळ्यांसारखा हातावर विश्वास ठेवला. तेव्हापासून हे मशीन गरमवर ठेवलं की गार पाणी घेतं, आणि थंडवर ठेवलं की डोंगराखालचं."

"म्हणजे माझे टॉवेल—" बोझेना म्हणाली.

"साठवर होते, म्हणून गारच्या नळाचं पाणी आत आलं. म्हणून साडेआठला काच गार लागली. मशीन ते विजेवर तापवत बसलं होतं. खळबळायचं पाणी मशीन गारच्या निळ्या नळीतूनच घेतं, आणि तिच्यातून तर गरम येत होतं. तिथवर गेलं असतं तर टॉवेलांना वास लागला असता आणि साबण निघाला असता. साबण निघालेला नाही. म्हणजे मशीन मोडलं नव्हतं. ते कोणीतरी मध्येच थांबवलं, दार उघडलं आणि आत पट्टा टाकला. पट्टा तेव्हा आधीच काळा झालेला होता."

"कुठे झाला?" केतिलने विचारलं.

"इथेच. पाच वाजता, थंड धुण्यात. थंड पाण्यात आपण काय धुतो?"

"लोकर," ओद्नी म्हणाली. "लोकरीशिवाय काही नाही."

केतिलने खिशातून कागदाची घडी काढून उलगडली. तपकिरी लोकरीचा तो घट्ट गोळा तिच्यात होता.

"लोकर गरम पाण्यात अशी वळते," ह्लीन म्हणाली. "पट्टा कोणाच्या तरी तपकिरी स्वेटरमध्ये गुंडाळलेला होता. मशीनमध्ये ठेवलेला होता, कारण दुपारी बोचकं घेऊन ओद्नीच्या खिडकीवरून जाता येत नाही. आणि मशीनला कोणी हात लावू नये म्हणून दारावर कागद होता. ज्याने कागद लावला त्याला मशीन चालवायचं नव्हतंच. मग पाच वाजता ते लावलं कोणी?"

मग स्टुलावरून बारीक आवाज आला.

"मी," दीरफिन्ना म्हणाली. "मी लावलं."

तोर्वीने वळून तिच्याकडे पाहिलं.

"मला बघायचं होतं रे. कागद वाचला, तरी उतरले. काचेतून तुझा स्वेटर दिसला. मीच विणलेला, मला कळणार नाही? म्हटलं, बिचाऱ्याने धुवायला ठेवला आणि घाईत विसरला. लोकरीच्या चित्रावर बटण ठेवलं, इथे बसले आणि शेवटपर्यंत बघितलं. काचेवर वाफ येत होती. मला वाटलं, नव्या मशीनचं असंच असतं." तिने हात मांडीवर ठेवले. "आईची आठवण आली. म्हणून उठवेना."

कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. तोर्वी बाहेर गेला होता. केतिल निघणार तोच ह्लीनने त्याला हाताने थांबवलं.

दोन मिनिटांनी तोर्वी परत आला. त्याच्या हातात स्वेटर होता. जाड, पुठ्ठ्यासारखा कडक, एखाद्या पोराच्या अंगाचा झालेला. त्याने तो आत्याच्या मांडीवर ठेवला.

"पट्टा विकायचा नव्हता," तो म्हणाला. "मंगळवारी खणात परत ठेवणार होतो. पट्टा नसला की ही चौकात उभी राहणार नाही, एवढंच मनात होतं. सातला तो काढायला आलो तर हे असं. मला वाटलं, हिनेच मशीन चालवलं. म्हटलं, आता काळा पट्टा परत कसा ठेवू? मग आठला हिने टॉवेल लावले."

"मग मला चोर केलंस," बोझेना म्हणाली.

"हो."

"भिंतीशी बोलू नकोस. माझ्याकडे बघून म्हण."

त्याने बघितलं. त्याला वेळ लागला. "हो," तो म्हणाला.

दीरफिन्ना स्वेटर उलटसुलट करून पाहत होती. बाह्या, गळा, कडेची नक्षी. नक्षी तशीच होती, नुसती लहान झालेली.

"बारा वर्षांचा होतास तेव्हा तुला विणला तो एवढाच होता," ती म्हणाली. "वर्षभर अंगातून काढला नव्हतास."

तोर्वीचा चेहरा पडला. केतिलने घड्याळात पाहिलं. सहाला पाच मिनिटं होती.

"समितीला सांगायचंय ना तुला?" तो म्हणाला. "चल. मी येतो बरोबर. काय सांगायचं ते वाटेत पाठ करून घे. आणि मंगळवारी सकाळी चौकीत ये, लिहून घ्यायचंय."

"आधी नळ्या," ह्लीन म्हणाली आणि पान्हा तोर्वीच्या हातात दिला. "गरमचा नळ कुठला ते हात लावून बघ. आज पाणी चालू आहे."

६

सतरा जूनला दुपारी दोन वाजता चौकात वारा होता. बँडवाल्यांच्या वह्यांची पानं चिमट्यांनी धरून ठेवली होती. गाव नेहमीसारखं जमलं होतं, पण नेहमीपेक्षा शांत होतं. काय झालं ते सकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं.

समितीच्या अध्यक्षाने शेजारच्या गावातून दुसरा पट्टा मागवून ठेवला होता. पांढरा, चकचकीत. तो त्याने पेटीसकट दीरफिन्नासमोर धरला. "तुझा सोनाराकडून आला की पुढच्या वर्षी," तो हळूच म्हणाला.

"ठेव तो," दीरफिन्ना म्हणाली. "माझ्या आजीने दोन दोन दिवस घासला. आईने घासला, मी घासला. त्या सगळ्याच्या आधीचं पाणी त्याच्यावरून गेलंय. मी कोण पुसणारी?"

तिने स्वतः तो काळा पट्टा बोझेनाच्या कमरेला बांधला. आकडा लागेना. बोझेना हलली नाही. गर्दीतून कोणी पुढे झालं नाही. आकडा लागल्याचा बारीक टक् असा आवाज पुढच्या रांगेला ऐकू आला.

बोझेना दोन पायऱ्या चढून वर उभी राहिली. ढग सरकला आणि ऊन पडलं. तेव्हा आम्ही पाहिलं की पट्टा नुसता काळा नव्हता. सोळाही पेट्यांच्या जाळीतून निळसर, जांभळी, मध्येच तांबूस झाक हलत होती, पंपघराच्या तोंडाशी दगडांवर असते तशी. जन्मभर ज्या पाण्यात हात घातले त्याचा रंग कोणी पाहिलेला नव्हता. तो त्या दिवशी एका बाईच्या कमरेला होता.

"दोन इंच जास्त सोडले ते बरं झालं," ओद्नी पुटपुटली. "श्वास घ्यायला."

कवितेच्या कागदावर कॉफीचा गोल डाग होता. बोझेनाने कागद एकदा पाहिला, घडी करून मुठीत धरला आणि पाठ म्हणायला सुरुवात केली. तिचा 'र' आमच्यासारखा नाही. पहिल्या ओळीला तो सगळ्यांच्या लक्षात आला. तिसऱ्या ओळीनंतर कोणाच्याच आला नाही.

सर्वांत मागे, झेंड्याच्या खांबाजवळ तोर्वी एकटा उभा होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. कविता अर्ध्यावर आली तेव्हा ह्लीन गर्दीतून वाट काढत मागे गेली आणि त्या जागेवर उभी राहिली. तिने टोपी काढली, पंपघरात शिरताना काढते तशी.

थोड्या वेळाने तोर्वीनेही काढली.